बरणीच्या पापण्या

नवीन आलेलं पाखरू ओळखायला मला हातात नावाचा कागद धरून उभं राहावं लागत नाही. विमानतळाच्या दारातून बाहेर पडणाऱ्या गर्दीत जो दर चार पावलांवर छातीवरचा खिसा चाचपतो, पासपोर्ट आहे ना बघतो, आणि समोर येईल त्याच्याकडे पाहून विनाकारण हसतो, तो आपला. बाकी सगळे कुठेतरी जायला आलेले असतात. आपला नुसता आलेला असतो.

हा तर सगळ्यांवर कडी होता. अंगात स्वेटरवर स्वेटर, त्यावर कुणाचातरी लग्नातला कोट आणि पायांत चपला. बूट बॅगेत होते, 'प्रवासात खराब होऊ नयेत म्हणून'. त्या बॅगेच्या एका कोपऱ्यातून लाल तेल गळत होतं. आईने दिलेली लोणच्याची बरणी आत फुटली होती.

"आई म्हणाली होती, कपड्यांत गुंडाळली की काही होत नाही," तो म्हणाला.

आईला काय जातंय म्हणायला! गाडीच्या काचा उघड्या ठेवून, थंडीने कुडकुडत मी त्याला घरी आणला. त्याच दिवशी त्याचं बारसं झालं. खरं नाव त्याने वाटेत सांगितलं होतं, पण मी ते लक्षात ठेवण्याची तसदी घेतली नाही. बरणी पुरे होतं.

मला दादा म्हणतात. वयाने नव्हे, इथल्या मुक्कामाने. विद्यापीठात आपल्याकडून जो कोणी येतो त्याची पहिली सोय माझ्याकडे होते, आणि मग कुठे जाऊ नये, कुणाशी बोलू नये, थंडीत नाक कसं जपावं, हे सगळं तो माझ्याकडूनच शिकतो. घराचे नियम साधे आहेत. हात असलेली एकच खुर्ची आहे, ती माझी. भांडी घासणं नव्याकडे. त्याच्यानंतर कोणी नवा येईपर्यंत नवा हा नवाच. घरात तिसरा एक आहे, तो संगणकाचं काहीतरी शिकतो. त्याला मौनी म्हणतो आम्ही, कारण इंटरनेट बंद पडल्याशिवाय तो तोंड उघडत नाही.

बरणीने पहिल्याच दिवशी स्वतःचं हसं करून घेतलं. खिडकीखाली भिंतीला लावलेला गरम होणारा पत्रा त्याला फार आवडला. धुतलेले, म्हणजे त्याच्या मते धुतलेले, सगळे कपडे त्याने त्याच्यावर वाळत घातले. घर तापायला लागलं तसा सगळ्या खोल्यांत लोणच्याचा वास सुटला. मी बाहेरून आलो तेव्हा मौनी शिंकत बसला होता आणि बरणी समाधानाने म्हणत होता, "घरच्यासारखं वाटतंय ना?"

दुसऱ्या दिवशी तो जिन्यात सापडला. आमचं दार आपोआप बंद होतं, आणि हा किल्ली आत ठेवून कचरा टाकायला गेला होता. घंटा का नाही वाजवलीस, विचारलं तर म्हणाला, "तुम्ही वाचत असाल, म्हटलं." मी झोपलो होतो. पण त्याचा तो भाव पाहून मी त्याला तसंच समजू दिलं. आपल्याकडच्या मुलांत एवढीच एक चांगली गोष्ट उरली आहे.

खरा वैताग त्याच्या फोनचा. रोज सकाळी आईला फोन, तोही स्वयंपाकघरात, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"वर्गात काही कळत नाही गं. ते फार भराभर बोलतात. काल सगळे हसले, मीपण हसलो, पण कशाला ते नाही कळलं."

"मग विचारायचं," पलीकडून आई ठणकावत असे. "देवाने तोंड दिलंय ना?"

"विचारलं. मग परत हसले."

"हसू देत. त्यांचे दात दिसतील."

मी त्याला बाजूला घेऊन समजावलं. घरी असं सांगतात का? घरी फोन केला की सगळं छान आहे म्हणायचं, हवा छान, माणसं छान, अभ्यास छान. आपले लोक तिकडून काय मदत करणार आहेत? उगाच त्यांच्या जिवाला घोर. मी इतकी वर्षं छानच म्हणत आलो. परिणामी आमच्या बाबांनी दारावर नवी पाटी करून घेतली आणि रंगाऱ्याला सांगून माझ्या नावाआधी थोडी जागा मोकळी सोडून घेतली. 'डॉ.' एवढंच रंगवायचं बाकी आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ते ती मोकळी जागा दाखवतात, असं आई सांगते.

"आणि दुसरं," मी बरणीला म्हटलं, "कोणी विचारलं 'येतं का', तर 'येतं' म्हणायचं. मग घरी येऊन शिकायचं."

"आणि नाही शिकता आलं तर?"

"तोवर विचारणारा विसरलेला असतो."

कोपऱ्यात मौनी नाकातून हसला. इंटरनेट चालू असताना.

आता त्या मोकळ्या जागेचं सांगतो. माझा विषय वनस्पतींचे रोग. पीएचडी करायची तर एक मार्गदर्शक लागतो, आणि त्या बाबतीत माझं नशीब खोटं. पहिले मार्गदर्शक माझ्या लायकीचे नव्हते, त्यांना मी सोडलं. दुसऱ्यांनी मला सोडलं. त्यांनी लिहिलं होतं की या विद्यार्थ्याची भाषा उत्तम आहे. बास, एवढंच. या सत्रात कोणी मला घेतलं नाही तर माझी जागा रद्द होणार होती आणि बोचकं बांधून मला परतावं लागणार होतं. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. दादाला कोण विचारणार?

उरल्या होत्या फक्त एक बाई. त्यांच्याकडे यंदा एकच जागा होती. बाई म्हणजे ध्यान. पायांत चिखलाचे रबरी बूट, केस कुणी कात्रीने रागारागाने कापल्यासारखे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. आमच्या कॉलेजात असल्या माणसाला शिपायाने फाटकातून आत सोडलं नसतं. आणि या म्हणे त्यांच्या क्षेत्रात जगातल्या मोठ्या! उजाड गावी एरंड बळी, दुसरं काय. पण अडला हरी. मी त्यांना अर्ज केला. अर्ज करणारे आणखी काही होते, त्यांची मला चिंता नव्हती. आणि त्यात बरणीही होता.

"तू कशाला?" मी विचारलं.

"दादा, मी बाईंना विचारलं, मी करू का अर्ज? त्या म्हणाल्या, कर."

मला हसू आवरेना. अर्थात मी त्याला आडकाठी केली नाही. वाघाने उंदराच्या वाटेत कशाला उभं राहायचं?

बाईंनी मुलाखत घेतली नाही. सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं, प्रत्येकाच्या हातात एकाच कुंडीतल्या झाडाच्या खोडाचा बोटाएवढा तुकडा दिला, एक पातं दिलं, आणि म्हणाल्या, "आडवा पातळ काप घ्या, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, बघा. जे दिसेल ते काढून दोन दिवसांनी माझ्याकडे आणा."

खोडाचा आडवा छेद! मला वाटलं, थट्टा करताहेत. अहो, हे तर आम्ही अकरावीत करतो. मी उभ्या जन्मात काही छान काढलं असेल तर खोडाचा आडवा छेद. आमच्या कॉलेजात माझं जर्नल वर्गभर फिरायचं. सगळे त्यावरून उतरवायचे, आणि खालच्या वर्गांतले त्यांच्यावरून. टोकदार पेन्सिल, एकसारखे ठिपके, नावांच्या रेघा सगळ्या उजव्या बाजूला, पट्टीने मारलेल्या, एकीचं डोकं दुसरीच्या पुढे नाही. आमच्या प्रात्यक्षिकाच्या सरांनी ती आकृती पाहून सूक्ष्मदर्शकाचं खोकं उघडायचीसुद्धा गरज ठेवली नव्हती. म्हणायचे, "एवढं स्वच्छ त्यात दिसत पण नाही."

मी काप घेतला, काचेवर ठेवला, डोळा लावला, चक्र दोनदा इकडे तिकडे फिरवलं आणि उठलो. बाकीचे अजून खोड कापत बसले होते. बरणी तर पात्याने बोट कापून घेऊन ते तोंडात धरून बसला होता. जाताना मी त्याच्या काचेकडे पाहिलं. काप कसला, काकडीची चकतीच होती ती.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आकृती काढली. खरं सांगतो, हात थरथरला नाही, कुठे खोडरबर लागलं नाही. बाहेरची साल, तिच्या आत पेशींच्या रांगा, मध्ये पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचे पुंजके अगदी गोलात, अंगठीत खडे बसवावेत तसे. नावं लिहिली, पट्टीने रेघा मारल्या. काही गोष्टी हाताला कायमच्या येतात. मला त्याचा अभिमान वाटला, आणि का वाटू नये?

मग बरणी आपला कागद घेऊन समोर बसला. मी पाहिलं आणि माझा चहा नाकात गेला.

कागदावर एक मोठा काळा गोळा होता. काळा म्हणजे पेन्सिल घासघासून कागद फाटेपर्यंत काळा. आणि त्याच्या वरच्या कडेवरून आत आलेल्या चार-पाच वाकड्या रेघा.

"हे काय आहे?"

"दिसलं ते काढलं, दादा. काळं होतं सगळं. आणि या रेघा होत्या. मी हललो की हलायच्या."

"हलायच्या?"

"हो. आधी वाटलं किडे असतील. पण मी थांबलो की तेही थांबायचे."

मला कळायला एक क्षण लागला. मग मी इतका हसलो की मौनी खोलीतून बाहेर आला. या महाभागाने स्वतःच्या पापण्या काढून आणल्या होत्या! काप जाड, त्यातून उजेड जाणार कसा? सगळा अंधार, आणि त्या अंधारावर याच्या डोळ्याच्या पापण्यांची सावली. जगातल्या मोठ्या बाईंना हा आपल्या पापण्यांचं चित्र देणार होता, खाली पट्टी न लावता मारलेली एक रेघ, आणि लिहिलेलं, 'हे काय आहे ते माहीत नाही.'

हसून झाल्यावर मला त्याची दया आली. काही झालं तरी आपल्याच घरातला. उद्या बाई म्हणाल्या असत्या, तुमच्याकडची मुलं अशीच असतात का? मी कोरा कागद ओढला आणि त्याच्यासाठी पुन्हा आकृती काढली. माझ्यापेक्षा किंचित साधी, रेघा थोड्या लहान, म्हणजे संशय यायला नको. दादाचा धर्म म्हणून केलं.

"हे घे. हे दे बाईंना."

तो आकृतीकडे बघत राहिला. "दादा, तुम्हाला हे सगळं दिसलं?"

"मग काय स्वप्नात आलं?"

"किती छान दिसलं तुम्हाला," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतका आदर होता की माझी मान आपोआप ताठ झाली.

बाईंच्या खोलीत आम्ही सगळे अर्धगोल करून उभे होतो. त्या एकेक कागद टेबलावर मांडत होत्या. माझा मांडला तेव्हा बाजूच्या मुलीने 'वा' म्हटलं. मी खाली बघितलं. मग बरणीची पाळी आली आणि त्याने पिशवीतून काढला तो काळा गोळा. पापण्यांचा. माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझी मेहनत घरी ठेवून हा गाढव स्वतःची फजिती घेऊन आला होता. गाढवाला गुळाची चव काय.

बाईंनी माझी आकृती उचलली. दोऱ्याने बांधलेला चष्मा कपाळावर ढकलून जवळून पाहिली.

"फार सुंदर," त्या म्हणाल्या. "हे तू पाहिलंस?"

"हो."

"या तुकड्यात?"

"हो. स्पष्ट दिसतं."

त्यांनी माझीच काच जपून ठेवली होती. ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि मला म्हणाल्या, "दाखव मला. या पाण्याच्या नळ्या कुठे आहेत?"

मी डोळा लावला. आत तपकिरी रंग होता. जिथे नळ्यांचे गोल पुंजके हवेत तिथे काहीतरी मळकं, तुंबलेलं, फाटलेलं. मध्ये भोकं. मला वाटलं, काच पुसली नसेल. मी चक्र फिरवलं. ते मळकं आणखी ठळक झालं.

"दिसताहेत?" बाईंनी विचारलं.

आता तुम्ही म्हणाल, त्याच वेळी बोलायचं होतंस. तुम्हाला काय जातंय म्हणायला. मी आयुष्यभर कुणी 'दिसतं का' विचारलं की जे म्हणत आलो तेच माझ्या तोंडून निघालं.

"हो. दिसताहेत. इथे, कडेला."

बाईंनी स्वतः डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. मग मान वर केली. मला राग अपेक्षित होता, पण त्या रागावल्या नव्हत्या. तसं झालं असतं तर मला सोसलं असतं.

"हे झाड मेलेलं आहे," त्या म्हणाल्या. "नळ्या आतून बुरशीने तुंबल्या, वर पाणी चढेना, म्हणून मेलं. तुझ्या चित्रात त्याची तब्येत उत्तम आहे."

कोणी हसलं नाही. परक्या देशातली माणसं, त्यांना कधी हसायचं तेही कळत नाही.

मग त्यांनी काळा गोळा उचलला. उलटा धरला, सुलटा धरला, आणि त्यांना हसू फुटलं. आपलं बोट स्वतःच्या डोळ्यापाशी नेऊन त्यांनी पापण्या मिटून उघडून दाखवल्या. बरणी आधी बावचळला, मग कानापर्यंत लाल झाला, आणि मग तोही हसायला लागला. तो सगळ्यांसोबत हसला आणि या वेळी त्याला कशाला ते कळलं होतं.

"काप फार जाड झाला," बाई त्याला म्हणाल्या. "तो पातळ घ्यायला मी शिकवीन. सोमवारपासून ये."

झालं. एवढ्यावर निकाल. ज्याला पातं धरता येत नाही त्याला जागा, आणि ज्याच्या आकृत्या पिढ्यानपिढ्या उतरवल्या गेल्या तो बाहेर. मी मनात म्हटलं, या लोकांना गुणांची पारख नाही. रस्त्यातून घरी येताना हे मी स्वतःला अनेकदा सांगितलं. थंडी होती, नाक गळत होतं, आणि मला आईची आठवण येत होती. ती मला कधी येत नाही.

घरी आल्यावर मी बरणीवर फार ओरडलो. मी काढून दिलेलं का नाही नेलं? माझा अपमान करायचा होता का?

तो रडकुंडीला आला. "नाही हो दादा! तुमचं फार छान होतं. पण मला ते दिसलं नव्हतं ना. बाईंनी विचारलं असतं, हे कुठे आहे दाखव, तर मी काय सांगितलं असतं? भीती वाटली मला."

भीती वाटली! म्हणजे सचोटी वगैरे काही नव्हतं त्यात. घाबरट होता म्हणून तरला. यावरसुद्धा मला हसायला यायला हवं होतं.

त्या दिवशी फोन घरून आला. बाबांनी विचारलं, "काय म्हणतंय?" मी म्हणालो, "छान." ते म्हणाले, "रंगारी इकडे शेजारी आलाय कामाला, म्हणून विचारलं." मी म्हटलं, रेंज नीट नाही, आणि ठेवला.

पुढच्या आठवड्यात विद्यापीठाने माझी जागा रद्द झाल्याचं कळवलं. मी मौनीला आणि बरणीला सांगितलं की मला या देशाचा कंटाळा आला आहे. मौनीने मान हलवली. बरणीला खरंच वाईट वाटलं, म्हणाला, "दादा, मग नव्या मुलांना आणायला कोण जाणार?"

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी माझ्या खुर्चीत बसलो होतो. बॅगा भरून दारात होत्या. बरणी भांडी घासत होता. आता तो बाईंकडे जातो, बोटांना पट्ट्या लावून येतो, पण भांडी त्याचीच, नियम म्हणजे नियम. मोरीच्या वर, नळाच्या मागे भिंतीवर त्याने मी काढून दिलेली आकृती चिकटवली होती. आईला तिचा फोटोही पाठवला होता, 'आमच्या दादांनी काढली' म्हणून. पाण्याचे शिंतोडे उडून तिच्या कडा फुगल्या होत्या.

"दादा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"त्या दिवशी पहिल्यांदा, आम्ही सगळे कापत बसलो होतो तेव्हा, तुम्हाला त्यात खरंच काय दिसलं होतं?"

इतकी वर्षं मी या देशात आहे. त्याआधीची सगळी शाळा-कॉलेजात गेली. हे मला कुणी विचारलं नव्हतं. आकृती छान आहे म्हणाले, अक्षर छान आहे म्हणाले. मी भिंतीवरच्या त्या गोल, निरोगी, सुबक खोडाकडे पाहिलं.

"मी बघितलंच नव्हतं," मी म्हणालो.

बरणी वळला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटला. "काय दादा! तुम्ही पण ना!"

त्याचा विश्वास बसला नाही. आयुष्यात एकदा खरं बोललो, तर या बावळटाला ती थट्टा वाटली. त्याच्या एक सणसणीत ठेवून द्यावीशी वाटली मला. नुसतं बसवेना म्हणून मी उठलो, खुंटीवरचं फडकं घेतलं आणि त्याने धुऊन ठेवलेली ताटं पुसायला लागलो.

"अहो, राहू द्या दादा," तो म्हणाला. मी ऐकलं नाही. थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, "दादा, मागची बाजू राहिली."

"पुसली मी."

"नाही पुसली. बघा ना."

मी ताट उलटं करून पाहिलं. मागची बाजू ओली होती.